तीस टक्क्यांचा हिशेब

मी कवितेचा माणूस. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. गणिताची आणि माझी दहावीनंतर भेट नाही. तरीही आज मी टक्केवारीवर बोलणार आहे, आणि त्याला कारण झाला माझा भाचा.

गेल्या उन्हाळ्यात अंबाजोगाईला बहिणीकडे गेलो होतो. भाचा बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला, दिवसभर कॉम्प्युटरपुढे. दुपारी मी जरा आडवा झालो, तोच टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज आला. "मामू, ये झूट बोलरा!" आमच्या घरात दखनी बोलतात, आणि राग आला की ती जास्तच दखनी होते.

उठून पाहिलं. तो 'वॉरफ्रेम' नावाचा बंदुकांचा खेळ खेळत होता. कॅनडातल्या एका कंपनीने २०१३ मध्ये आणलेला हा खेळ इंटरनेटवरून जगभरातले लोक एकत्र खेळतात. भाच्याच्या हातात आग लावणारी बंदूक होती. त्याने दहा गोळ्या मारल्या, दहाही लागल्या, पण शत्रू काही पेटला नाही. "इथं तर तीस टक्के लिहिलंय. दहातल्या तीन गोळ्यांनी पेटायला पाहिजे होता की नाही?"

प्रश्न बिनतोड वाटला. म्हणून आधी खेळ समजून घेतला.

या खेळात गोळी दोन कामं करते. लागली की इजा करते, हे एक. दुसरं म्हणजे कधीकधी ती मागे काहीतरी ठेवून जाते. आगीची गोळी शत्रूला काही क्षण जाळत राहते, गारठ्याची त्याला मंद करते, विषाची त्याच्या ढालीला न जुमानता थेट अंगात भिनते, विजेची त्याला झटका देते. धारदार गोळीने झालेली जखम वाहत राहते. या मागे राहणाऱ्या परिणामाला खेळाडू 'स्टेटस' म्हणतात, आणि तो होण्याची शक्यता प्रत्येक बंदुकीवर टक्क्यांत लिहिलेली असते. बंदुकीत विषही असेल आणि धारही असेल, तर कोणता परिणाम व्हायचा हे त्या दोन इजांच्या प्रमाणावर ठरतं. ज्याचा वाटा मोठा, त्याची पाळी जास्त वेळा.

आग, गारठा, विष आणि वीज यांतले दोन-दोन मिसळले की नवे परिणाम तयार होतात. गारठा आणि विष मिळून रोग होतो. आग आणि वीज मिळून शत्रूची मती फिरते आणि तो आपल्याच माणसांवर गोळ्या झाडतो. अशा जोड्या किती? सहा. चारांतून दोन निवडण्याचा हा हिशेब भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे. सहा रसांपासून किती चवी होतात, असं उदाहरण त्यांनी ११५० साली घातलं होतं. शंकराच्या दहा हातांतली दहा आयुधं किती प्रकारे अदलाबदल करता येतील, हेही त्यांनी विचारलं आहे. आयुधांचं गणित आपल्याकडे काही आजचं नाही.

आता तीस टक्क्यांकडे येऊ. मी भाच्याला म्हटलं, "शंभर पोरं एकाच वेळी हीच बंदूक चालवतात असं समज. पहिल्या गोळीला तिसांचा शत्रू पेटला, सत्तरांची गोळी कोरडी गेली. त्या सत्तरांनी दुसरी मारली. त्यातल्या तीस टक्क्यांचं काम झालं, राहिले एकोणपन्नास. तिसऱ्या गोळीनंतर चौतीस, चौथीनंतर चोवीस, पाचवीनंतर सतरा. दहावी गोळी संपली तरी सुमारे तीन पोरं कोरडीच राहतात. आज त्या तिघांत तू."

"मग अकरावी तर लागणारच!"

इथेच माणूस फसतो. अकराव्या गोळीलाही शक्यता तीसच टक्के. आधीच्या दहा वाया गेल्या हे बंदुकीला ठाऊक नसतं. दहाही गोळ्या कोरड्या जाण्याची शक्यता फार कमी असते, हे खरं. पण ते पहिली गोळी मारण्याआधी. दहा मारून झाल्यावर ते झालेलं असतं, त्याची भरपाई कोणी देत नाही.

दुसरा घोळ वाढीचा. मूळ शक्यता २० टक्के असलेल्या बंदुकीला '६० टक्के वाढ' देणारा भाग जोडला, तर शक्यता ८० होईल असं पोराला वाटलं. होते ३२. ही वाढ मूळ विसाच्या साठ टक्के, म्हणजे बाराच. पगाराच्या साठ टक्के भत्ता मिळाला तर कोणी शंभरात साठ मिळवत नाही, पगारावरच काढतो, तसंच हे. असे भाग जोडत शक्यता शंभरापुढेही नेता येते. १३० टक्के झाली तर एक परिणाम नक्की आणि दुसऱ्याची शक्यता तीस टक्के.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. छर्ऱ्याची बंदूक आपल्याकडे रानडुकरं हुसकायला वापरत, ती पुष्कळांनी पाहिली असेल. एका बारात अनेक छर्रे सुटतात. खेळातही तशा बंदुका आहेत. मार्च २०२० पर्यंत त्यांच्यावर लिहिलेला आकडा अख्ख्या बाराचा असे. आठ छर्ऱ्यांपैकी निदान एकाने परिणाम करण्याची शक्यता, असा त्याचा अर्थ. आकडा ९९ दिसला की नवखा खूश होई. पण उलट हिशेब केला तर एकेका छर्ऱ्याच्या वाट्याला फक्त ४४ टक्के येत. आठातले साडेतीन कामाचे. आकडा ९९ वरून १०० झाला की मात्र आठही छर्रे नक्की. एका टक्क्यात जमीन-अस्मानाचा फरक! शेवटी कंपनीने रीत बदलली आणि एकेका छर्ऱ्याचा आकडा लिहायला सुरुवात केली.

हे ऐकताना मला आमचं हवामान आठवलं. "तुरळक ठिकाणी पाऊस," असं बातम्यांत सांगतात. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी. जिल्ह्यात कुठेतरी पडण्याची शक्यता चांगली, पण माझं शेत हा एकच छर्रा. आपण ऐकतो जिल्ह्याचं आणि पेरतो आपल्या वावरात.

माझे थोरले भाऊ, भाईजान, गावाकडे शेती करतात. २०१२ ला मराठवाड्यात दुष्काळ पडला, २०१४ ला पुन्हा. २०१५ च्या जूनमध्ये भाईजान म्हणाले, "किती साल रुसणार? यंदा पडणारच." मीही मान डोलावली. शहाण्यासारखं बोलणारा घरात कोणी नव्हताच. त्यांनी व्याजाने पैसे काढले, पहिल्या सरींवर कापूस लावला. पाऊस गेला तो गेलाच. दुबार पेरणी केली, तीही करपली. त्या साली एल निनो होता, जिल्ह्यात चाऱ्याच्या छावण्या उघडल्या. धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. भाईजानांची बैलजोडी बाजारात गेली. ती विकून आल्यावर ते दोन दिवस जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी ते इतके घाबरले की निम्मं रान पडीक ठेवलं. "आता आपल्या नशिबी पाऊस नाही," म्हणाले. आणि २०१६ ला असा पाऊस झाला की मांजरा भरलं. एकदा वाटलं पाऊस आपलं देणं लागतो, एकदा वाटलं तो आपल्यावर रुसला. दोन्ही वेळा आम्ही भाच्याच्या अकराव्या गोळीसारखाच विचार केला.

पाऊस म्हणजे काही फासे नव्हेत. त्याला वारे आहेत, समुद्राचं तापमान आहे, म्हणून अंदाज ऐकायलाच हवा. खेळातला प्रत्येक छर्रा सुटा असतो. शेतात कापसाबरोबर तूर लावली तर थोडा आधार मिळतो, कारण दोघांना पाणी एकाच वेळी लागत नाही, पण वर आभाळ एकच असतं. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगत असतं. मागच्या सालाचा राग किंवा आशा त्या मोजमापात येत नाही.

भाच्याला मी वही दिली. म्हटलं, दोनशे गोळ्या मार आणि रेघा ओढ. संध्याकाळी मोजलं, सत्तावन्न गोळ्यांनी आग लागली होती. साठाच्या जवळपास. मध्ये एकदा सलग नऊ कोरड्या गेल्या होत्या, तिथे त्याने लाल पेनने गोल केला होता. बंदूक खोटं बोलत नव्हती.

जूनमध्ये भाईजानांचा फोन आला तेव्हा मी पुन्हा अंबाजोगाईलाच होतो. "रेडिओवर पाऊस सांगितलाय, बी-बियाणं आणून ठेवू का?" मी काही बोलायच्या आत भाच्याने फोन घेतला. "बडे मामू, तुरळक म्हणाले की सगळीकडे? ते आधी सांगा."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)