जमिनीचा करार, समुद्राचं भांडण

लाँगयरब्येन गावाजवळच्या डोंगरात जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवलं आहे. वीज गेली तरी भोवतालची कायम गोठलेली जमीन ते थंड राखील, या भरवशावर २००८मध्ये ही बीजपेढी सुरू झाली. २०१६च्या ऑक्टोबरात तिथे जोराचा पाऊस झाला, बर्फ वितळला आणि पाणी पेढीच्या प्रवेश-बोगद्यात शिरलं. बियाणं सुखरूप राहिलं, पण गोठलेल्या जमिनीवरचा भरवसा डळमळला.

हे गाव नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं, उत्तर ध्रुवापासून सुमारे १,३०० किलोमीटरवर. १९७९पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतो आहे. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. तो गेला की खालचं काळं पाणी तेच ऊन शोषून घेतं आणि आणखी बर्फ वितळवतं.

या बेटांबद्दल ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये करार झाला, की ती नॉर्वेची. पण करारातल्या सर्व देशांच्या नागरिकांना तिथे मासेमारी, खाणकाम, व्यापार करण्याचा सारखाच हक्क. युद्धासाठी मात्र बेटं वापरायची नाहीत. या समान हक्कानेच रशियाची सरकारी कंपनी बेटांवरच्या बॅरेन्ट्सबर्गमध्ये कोळसा काढते. युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर तिथली हवा बदलली. २०२२मध्ये निर्बंधांमुळे या वस्तीचा माल नॉर्वेच्या सीमेवर अडकला, तेव्हा रशियाने करारभंगाचा आरोप केला. पुढच्या वर्षी ९ मे रोजी बॅरेन्ट्सबर्गच्या रस्त्यांवरून रशियन झेंडे लावलेली वाहनं संचलनासारखी फिरली.

खरी अडचण मात्र समुद्रात आहे. करार लिहिला गेला तेव्हा दूरच्या समुद्रतळाचा विचारच कुणी केला नव्हता. आता बर्फ मागे हटतो आहे आणि त्या तळावरचा हक्क मोलाचा ठरतो आहे. स्नो क्रॅब या खेकड्यांवरून तर युरोपीय संघ आणि नॉर्वे यांच्यातच जुंपली. मार्च २०२३मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की समान हक्क जमिनीपुरता आणि किनाऱ्यालगतच्या पाण्यापुरता. त्यापलीकडच्या समुद्रतळावर तो चालणार नाही. मित्रदेशांत हे होत असेल, तर रशियाशी वाद पेटल्यावर कोण कुणाचं ऐकणार?

या ताणाची झळ विज्ञानालाही बसली आहे. मार्च २०२२मध्ये आर्क्टिक परिषदेच्या इतर सात देशांनी रशियाबरोबरचं काम थांबवलं. गोठलेल्या जमिनीचा फार मोठा भाग रशियातच आहे. तिथल्या नोंदी तुटल्या, तर वितळण्याचं चित्रच अर्धवट राहतं.

भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्रही २००८पासून स्वालबार्डच्या न्यू-ऑलेसुंड गावात आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्को शहरातून चालतो. न्यू-ऑलेसुंडजवळच्या काँग्सफ्योर्ड या खाडीच्या पाण्यात भारतीय शास्त्रज्ञांनी २०१४मध्ये उपकरणं सोडली. पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजून आर्क्टिकमधल्या बदलांचं आपल्या मोसमी पावसाशी असलेलं नातं त्यांना तपासायचं आहे.