लाल देवळातला हिंदुस्थान

पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ म्हणजे १८६७ साली पूर्ण झालेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. ज्यूंच्या पुरिमच्या सणाला सिनेगॉगांत बायबलमधला एस्तेरचा ग्रंथ वाचतात, आणि सुरुवातीलाच हिंदुस्थान येतो! मूळ हिब्रू शब्द ‘होदू’. अहश्वेरोश राजाचं राज्य तिथपासून इजिप्तच्या दक्षिणेकडच्या कूशपर्यंत, प्रांत १२७.

यात इतिहास किती?

राजा खरा. तो इराणचा झर्क्सिस, असं बहुतेक अभ्यासक मानतात. पर्सेपोलिसला सापडलेल्या त्याच्या लेखात ‘हिंदुश’ आणि ‘कुशिया’ हे दोन्ही मुलूख कोरलेले आहेत. कथाकाराला साम्राज्याचा पसारा ठाऊक होता, ही केवढी मोठी गोष्ट!

कथेतली राणी एस्तेर मात्र इराणी लेखांत सापडत नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस झर्क्सिसच्या राणीचं नाव अमेस्ट्रिस सांगतो, आणि झर्क्सिसच्या वडिलांच्या राज्यात प्रांत मोजतो फक्त २०.