रोडियमची कांडी मोडायची कुठे?

पांढऱ्या सोन्याची अंगठी वापरून पिवळसर दिसू लागली, की सराफ ती ठेवून घेतो आणि ‘रोडियम पॉलिश करून देतो, परवा या’ म्हणतो. चांदीचे दागिने काळे पडू नयेत म्हणूनही काही ठिकाणी हाच मुलामा देतात. बहुतेक मराठी घरांचा रोडियमशी संबंध एवढाच, तोही मायक्रॉनच्या अंशात मोजावा लागणाऱ्या थरापुरता. मार्च २०२१ मध्ये मात्र याच धातूचा भाव औंसाला २९,८०० डॉलरपर्यंत गेला. औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. तेव्हाच्या विनिमय दराने ग्रॅमला सुमारे सत्तर हजार रुपये! सोने त्या महिन्यात ग्रॅमला साडेचार हजारांच्या आसपास होते.

तेव्हा सोन्याच्या पंधरा पट महाग आणि सोन्याहून कितीतरी दुर्मीळ, मग लॉकरमध्ये रोडियमचीच एक कांडी का नको? परदेशात अशा कांड्या मिळतात. लंडनची बेअर्ड अँड कंपनी त्या बनवते.

दुर्मीळतेबद्दल वादच नाही. जगभरच्या खाणींतून वर्षाला वीस-बावीस टनांच्या आसपास रोडियम निघते, सोने तीन हजार टनांहून जास्त. वर्षभराचे हे सगळे रोडियम एका टेम्पोच्या हौद्यात मावेल (वजनाने टेम्पो बसेल, ते वेगळे). त्यातले सुमारे ऐंशी टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून, मुख्यतः तिथल्या बुशव्हेल्ड पट्ट्यातून येते. खास रोडियमसाठी खणलेली खाण मात्र तिथेही नाही. दगड फोडायचा तो प्लॅटिनम आणि पॅलेडियमसाठी, त्याबरोबर थोडे रोडियमही हाती लागते. त्यामुळे भाव दुप्पट झाला म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही, आणि भाव पडला म्हणून थांबतही नाही.

आता गिऱ्हाईक कोण ते पाहू. १८०४ मध्ये लंडनच्या विल्यम हाइड वोलास्टनने हा धातू शोधला. पुढे दीडशेहून अधिक वर्षे त्याला मोठी मागणी नव्हती. ती आली पेट्रोल गाड्यांच्या धुराड्यामुळे. गाडीखालच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये नायट्रोजनची विषारी ऑक्साइडे मोडून त्यांचा साधा नायट्रोजन करण्याचे काम रोडियम फार चोख करते. एका गाडीला ते ग्रॅमभरही लागत नाही, पण गाड्या कोट्यवधी. आज ऐंशी टक्क्यांहून अधिक रोडियम तिथेच जाते. सोन्याला लग्नघर, देऊळ, रिझर्व्ह बँक असे गिऱ्हाईक आहे; रोडियमला आहे तो वाहन कारखान्यांचा खरेदी विभाग.

आणि त्या खरेदी विभागाची अडचण झाली की भाव कसा उसळतो, हे २०२० मध्ये दिसले. फोक्सवॅगनचा डिझेल घोटाळा २०१५ मध्ये उघड झाल्यावर युरोपातले ग्राहक पेट्रोल गाड्यांकडे वळले होते. चीनने धुराचे नियम कडक केले; भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. प्रत्येक गाडीत जास्त रोडियम लागू लागले. नेमके त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत अँग्लो अमेरिकन प्लॅटिनम या खाण कंपनीच्या धातू-प्रक्रिया संयंत्रात स्फोट झाला आणि कंपनीने मार्चमध्ये कळवून टाकले, की ठरलेला माल देता येणार नाही. २०१६ मध्ये साडेसहाशे डॉलरच्या आसपास मिळणारा औंस पाच वर्षांत पंचेचाळीस पटींवर गेला. चोरांनाही हे कळले. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रात्री गाडीखाली शिरून कन्व्हर्टर कापून नेणाऱ्या टोळ्या फोफावल्या. टोयोटा प्रियस ही त्यांची आवडती गाडी.

मग उतरण. चिपच्या टंचाईने गाड्यांचे उत्पादन अडले. चीनमधल्या काच-तंतूंच्या कारखान्यांनी आपल्या साच्यांतले महागडे रोडियम कमी करून त्या जागी प्लॅटिनम वाढवले आणि उरलेला माल बाजारात ओतला. विजेच्या गाडीला तर धुराडेच नसते. २०२३ च्या मध्यावर औंस चार हजार डॉलरच्या आसपास आला होता, म्हणजे शिखरावरून ८५ टक्क्यांहून जास्त घट. ही काही पहिली वेळ नव्हती. जून २००८ मध्ये दहा हजार डॉलरवर असलेला भाव त्याच वर्षअखेरीला हजाराच्या घरात होता. २०२५ मध्ये तो पुन्हा चढला, आणि म्हणूनच ‘आताच घ्या’ म्हणणारे पुन्हा दिसू लागले.

भावाच्या या झोक्यांपेक्षाही मोठी अडचण कांडीची आहे. कारखान्यांना रोडियम लागते ते भुकटीच्या रूपात. हा धातू १,९६४ अंश सेल्सियसला वितळतो, कमालीचा कठीण असतो आणि सोने विरघळवणाऱ्या अम्लराजालाही सहजी दाद देत नाही. म्हणजे भुकटीची कांडी करायला खर्च, आणि कांडी पुन्हा उद्योगाच्या उपयोगी करायलाही खर्च. दोन्ही खर्च शेवटी घेणाऱ्याच्या खिशातून जातात. विकत घेताना छापील भावापेक्षा जास्त मोजायचे आणि विकताना कमी घ्यायचे. ब्रिटनमध्ये गुंतवणुकीच्या सोन्यावर व्हॅट नाही. रोडियमच्या कांडीवर तो वीस टक्के आहे. सोन्यासारखा वायदेबाजारही रोडियमला नाही. जॉन्सन मॅथीसारख्या मोजक्या कंपन्या भाव जाहीर करतात, त्यावर व्यवहार चालतात.

आपल्याकडे तर आणखी पंचाईत. हॉलमार्क सोन्या-चांदीला मिळतो, रोडियमला नाही. सोने तारण ठेवून पतसंस्थासुद्धा कर्ज देते. रोडियमची कांडी पुढे केली तर व्यवस्थापक ती उलटसुलट करून परत देईल. पॉलिश करणाऱ्या सराफालाही तिचा उपयोग नाही, कारण त्याला लागते ते तयार द्रावण. गळ्यातली चेन अडीअडचणीला पेठेत मोडता येते, ही सोय रोडियमला नाही.

‘धंदा कळणाऱ्याला भीती नाही’ असे कोणी म्हणेल. त्याने फोर्डचे उदाहरण पाहावे. रोडियमच्याच कुळातल्या पॅलेडियमचा तुटवडा पडेल या धास्तीने फोर्डने चढ्या भावात साठा करून ठेवला. जानेवारी २००१ मध्ये औंस हजार डॉलरवर गेला आणि मग कोसळला. पुढच्या वर्षी फोर्डला त्यापायी सुमारे शंभर कोटी डॉलरचा तोटा जाहीर करावा लागला. फोर्ड हा त्या धातूचा खरा ग्राहक होता, अभियंते पदरी होते, तरीही!

चीनमधले प्रकरण याहून कडू. कुनमिंगच्या फान्या मेटल एक्स्चेंजने इंडियमसारखे दुर्मीळ धातू सामान्य बचतदारांना मोठ्या परताव्याच्या आश्वासनावर विकले. धातू गोदामात खरोखर होता, हजारो टन इंडियम! पण त्या भावाने घेणारे कोणी नव्हते. २०१५ मध्ये पैसे देणे थांबले, दोन लाखांहून अधिक लोक अडकले आणि संस्थापकाला पुढे तुरुंगवास झाला.

कांडी न घेता रोडियमच्या भावात पैसे घालण्याचा मार्गही आहे. डॉइश बँकेने २०११ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात रोडियमवर आधारलेली योजना आणली होती. त्यात साठवण आणि शुद्धतेची कटकट टळते, भावाची आपटी टळत नाही.

मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेल्या पैशाने रोडियम घेऊ नये. गेले तरी चालतील असे पैसे असणाऱ्या, वाहन उद्योगाच्या बातम्या रोज चाळणाऱ्या हौशी माणसाने घेतले तर तो त्याचा प्रश्न. त्याने एवढे मात्र करावे: पैसे देण्याआधी विक्रेत्याला विचारावे, ‘हीच कांडी आज तुम्हाला विकली तर किती द्याल?’ आणि उत्तर लेखी मागावे.