पंधरा मिनिटांचा अहवाल : किती खरा, किती अपुरा

‘पट्टी निगेटिव्ह आली, आता आईला घरी नेऊ का?’ हा प्रश्न रुग्णांच्या नातेवाइकांकडून आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीवर आजही विचारला जातो. सन्माननीय विश्वस्त व देणगीदारांनाही या चाचणीविषयी कुतूहल असल्याने येथे थोडी माहिती देत आहोत.

मार्च २०२० मध्ये नागपुरात करोनाचा पहिला रुग्ण आढळला, तेव्हा निदानाचा भरवसा आरटी-पीसीआर या एकाच चाचणीवर होता. मेयो रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी नमुने जात आणि अहवालाची वाट पाहण्यात कुटुंबाचा जीव टांगणीला लागे. १४ जून २०२० रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पहिल्या रॅपिड अँटिजेन संचाच्या वापरास अनुमती दिली व अहवाल १५ ते ३० मिनिटांत मिळू लागला.

हा वेग येतो कोठून? नाकातील स्राव द्रावणात मिसळून त्याचे थेंब पट्टीवर टाकतात. विषाणूचे प्रथिन असल्यास पट्टीवरील प्रतिपिंडे ते धरून ठेवतात आणि रंगीत रेघ उमटते. आरटी-पीसीआरमध्ये मात्र विषाणूचा जनुकीय अंश प्रत्येक आवर्तनात जवळपास दुप्पट केला जातो. पस्तीस-चाळीस आवर्तनांत अत्यल्प अंशही उघड होतो. पट्टीपाशी अशी वाढ करण्याची सोय नाही. जे नमुन्यात आहे तेवढेच तिला दिसते. म्हणूनच विषाणू विपुल असताना, म्हणजे लक्षणांच्या पहिल्या काही दिवसांत, ती चांगली चालते. फार लवकर वा फार उशिरा घेतलेला नमुना तिला चकवतो.

परिषदेने प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. निरोगी व्यक्तीस निरोगी ठरविण्यात तो संच ९९.३ ते १०० टक्के अचूक होता. बाधित व्यक्ती ओळखण्यात मात्र ५०.६ ते ८४ टक्केच. म्हणजे शंभर बाधितांपैकी सोळा ते एकोणपन्नास जण ‘निगेटिव्ह’ कागद हाती घेऊन घरी परतू शकत होते, आणि त्याच घरी वृद्ध आजी-आजोबा असत. लक्षणे असूनही पट्टी निगेटिव्ह आल्यास आरटी-पीसीआर करावीच, असे परिषदेने बजावले ते याचसाठी. मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती संचास मान्यता मिळाली, तेव्हाही हाच नियम होता. हा अनुभव नवा नव्हे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत इन्फ्लुएंझाच्या झटपट चाचण्यांतूनही बरेच रुग्ण सुटत.

पॉझिटिव्ह अहवालाचे मोल साथीच्या जोरावर ठरते. समजा, चाचणी ७० टक्के बाधितांना ओळखते व एक टक्का निरोगींना चुकून बाधित ठरवते. हजारांत शंभर बाधित असता सत्तर खरे व नऊ खोटे पॉझिटिव्ह मिळतील. साथ ओसरून हजारांत दहाच बाधित उरले, की खरे सात आणि खोटे दहा! संच तोच, पट्टी तीच.

तरीही आम्ही पट्टीस दुय्यम मानीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात खाटांसाठी धावपळ चालू असताना कोणता रुग्ण कोणत्या कक्षात न्यावा, हे तासाभरात ठरविण्यास तीच उपयोगी होती. दोन्ही चाचण्यांची सोय ठेवणे खर्चिक आहे, परंतु एकीचे काम दुसरीने होत नाही.

खिडकीवरील प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो : ताप वा धाप असेल तर निर्णय डॉक्टर घेतील, दुसऱ्या नमुन्याचा अहवाल येईपर्यंत आईसाठी वेगळी खोली ठेवा आणि जवळ जाताना मास्क लावा.