रसायनं उकळण्याऐवजी दळली तर? जुईनगरच्या शेजाऱ्यांना उपयोगी पडू शकेल असं संशोधन

मिक्सरमध्ये चटणी वाटताना आपण पाणी का घालतो? चवीसाठी नाही. पाणी नसेल तर खोबरं भांड्याच्या कडेला चिकटून बसतं आणि पातं रिकामंच फिरतं. तीच चटणी खलबत्त्यात कुटली तर पाण्याचा थेंबही लागत नाही.

रसायनांच्या कारखान्यातही असंच काहीसं चालतं. दोन पदार्थांचे रेणू एकमेकांना भेटावेत म्हणून ते एखाद्या द्रवात विरघळवतात, ढवळतात, बहुतेक वेळा तापवतात. या द्रवाला सॉल्व्हंट म्हणतात. टोल्युइन, मिथेनॉल, डायक्लोरोमिथेन ही त्यातली नेहमीची नावं. काम झालं की हा द्रव वेगळा काढावा लागतो. काही पुन्हा वापरला जातो, काही हवेत उडतो, उरलेला कचऱ्यात. रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञानं १९९२ मध्ये याचा हिशेब मांडला. औषध उद्योगात एक किलो मालामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त कचरा निघत होता. त्यातला मोठा वाटा सॉल्व्हंटचा.

आता जुईनगर स्टेशनवर उतरून पूर्वेकडे बघा. सायन-पनवेल महामार्गापलीकडे एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर पट्टा सुरू होतो. १९६०च्या दशकापासून इथं रसायनांचे कारखाने आले, घरं नंतर वाढली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले होते. ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. (हे गुण जास्त मिळाले म्हणून पेढे वाटायचे नसतात.) म्हणून सॉल्व्हंट कमी करण्याचा प्रश्न इथल्या माणसासाठी फक्त पाठ्यपुस्तकातला नाही.

मग द्रव काढूनच टाकला तर? घन पदार्थ एकत्र दळून रासायनिक क्रिया घडवण्याच्या शास्त्राला मेकॅनोकेमिस्ट्री म्हणतात. कल्पना नवी नाही. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात पारा आणि गंधक खलात तासन्‌तास घोटून काळी कज्जली करतात. पाऱ्याचा आणि गंधकाचा संयोग तिथं घोटण्यानंच होतो. (घरी करून बघू नका, पारा विषारी आहे.) आजच्या प्रयोगशाळेत खलाऐवजी बॉल मिल असते. स्टीलच्या छोट्या डबीत पावडर आणि गोळ्या घालतात आणि डबी सेकंदाला २०-३० वेळा हलते. गोळ्यांच्या आघातानं कण फुटतात, नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि रेणू थेट एकमेकांना भिडतात.

महाराष्ट्रातलं ठळक उदाहरण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतलं, म्हणजे एनसीएलमधलं. राहुल बॅनर्जी यांच्या गटाला सूक्ष्म छिद्रांचं जाळं असलेले सेंद्रिय पदार्थ बनवायचे होते. द्रवात बनवायचे तर १२० अंश तापमान आणि तीन दिवस लागायचे. २०१३ मध्ये या गटानं तेच घटक साध्या खलात, खोलीच्या तापमानाला घोटले. पावडर आधी पिवळी, मग नारिंगी झाली आणि पाऊण तासात गडद लाल. पदार्थ तयार!

पण छिद्रं मनासारखी आली नाहीत, द्रवातल्या पदार्थापेक्षा बरीच कमी भरली. २०१७ मध्ये याच गटानं कौलं-विटांच्या पद्धतीवरून वाट काढली. घटक आणि एक आम्ल एकत्र दळायचं, थोडं पाणी घालून मातीसारखं मळायचं आणि तापवायचं. आता क्रिया मिनिटभरात झाली आणि छिद्रंही भरपूर आली. थोडं आम्ल आणि थोडं पाणी, एवढ्यानं सगळं बदललं.

खरी अडचण इथंच आहे. काय बदललं तर काय होईल, हे आधी सांगता येत नाही. गोळ्या किती, केवढ्या, कशाच्या? वेग किती, वेळ किती, द्रवाचे थेंब किती? या सहा गोष्टींचे प्रत्येकी चारच पर्याय धरले तरी ४,०९६ जोड्या होतात. एकेका प्रयोगाला अर्धा तास आणि दिवसाचे आठ तास धरले तर २५६ दिवस. एका क्रियेसाठी! पीएचडीची पाच वर्षं अशानं कुठल्या कुठे जातील.

इथं मशीन लर्निंग कामी येतं. विद्यार्थी आधी वीसेक प्रयोग करतो. संगणक त्यातून अंदाज बांधतो, शिवाय आपल्याला कुठे खात्री नाही हेही दाखवतो. पुढचा प्रयोग तिथं किंवा जिथं उत्तम निकालाची आशा आहे तिथं करायचा, निकाल संगणकाला द्यायचा, आणि पुन्हा तेच. अनुभवी सुगरण दोन-तीनदा चाखून मीठ बरोबर आणते, तसंच काहीसं.

मात्र संगणकाला शिकायला माहिती हवी. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एकाच प्रकारच्या क्रियेचे चार हजारांहून अधिक प्रयोग यंत्रांकडून करून घेतले आणि त्यावर संगणकाला उत्पादन किती येईल ते ओळखायला शिकवलं. पण ते प्रयोग द्रवातले होते. यंत्राला थेंब मोजणं सोपं जातं. पावडर नळीत अडकते, गुठळ्या होतात. दळणाचे आकडे म्हणून कमी आहेत. त्यात फसलेले प्रयोग सहसा छापले जात नाहीत, ते वहीतच राहतात. संगणकाला मात्र यशाइतकंच अपयशही लागतं. अशा विषयात पीएचडी करणाऱ्यानं निव्वळ फसलेल्या प्रयोगांची नीट नोंद खुली केली, तरी माझ्या मते ते मोठं काम ठरेल.

कारखान्यापर्यंत जायचं तर डबी पुरणार नाही. त्यासाठी दोन स्क्रूंचा एक्स्ट्रूडर आहे. प्लास्टिकचे दाणे बनवणाऱ्या कारखान्यांत हे यंत्र वर्षानुवर्षं चालतंय. एका टोकाला पावडर घालायची, आत स्क्रू ती दाबत-मळत पुढे ढकलतात, दुसऱ्या टोकाला माल बाहेर. आणि हो, तयार माल शुद्ध करायला पुष्कळदा सॉल्व्हंट लागतोच. म्हणून कुठल्याही ‘सॉल्व्हंटमुक्त’ दाव्यात हा धुण्याचा द्रव मोजलाय का, ते आधी बघावं.