‘आळशी’ म्हणण्याआधी : एडीएचडी कोचिंग आणि आपल्या अभ्यासिका

एप्रिल लागला की अमरावती आणि अकोल्यात अभ्यासिका, महाविद्यालयांची ग्रंथालये, वस्त्यांमधले विहार अशा ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम ठेवला जातो. बाबासाहेबांच्या अभ्यासाला हे आपले अभिवादन. सकाळी सहाला पुस्तक उघडून बसलेली मुले-मुली रात्री बारालाच उठतात. घरी वीस मिनिटे एका जागी न टिकणारा मुलगा इथे अख्खा दिवस काढतो. आम्ही समाजकार्यातली मंडळी हे दरवर्षी पाहतो, फोटो काढतो, बातमी देतो. पण तोच मुलगा जयंतीनंतरच्या आठवड्यात पुन्हा वीस मिनिटांवर का येतो, हा प्रश्न आम्हाला फार उशिरा पडला.

घरात याचे उत्तर तयार असते : आळशी आहे. शिकलेल्या घरात तेच उत्तर जरा सभ्य होते : जिद्द कमी पडते. आणि अलीकडे मोबाइलवर रील्स पाहून मुले स्वतःच तिसरे उत्तर घेऊन येतात, “ताई, मले एडीएचडी असन.”

या तिसऱ्या उत्तरापासून सुरुवात करू, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही आणि लगेच मान्य करण्यासारखेही नाही. एडीएचडी हा मेंदूच्या विकासातला फरक आहे. लक्ष टिकवणे, स्वतःला आवरणे, काही जणांत अंगातली सततची चुळबुळ, यांवर त्याचा परिणाम होतो. निदानाच्या प्रचलित निकषांप्रमाणे लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात, घर, शाळा, कामाची जागा अशा निदान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांनी जगण्यात खरी अडचण केलेली असावी लागते. परीक्षा जवळ आल्यावर पुस्तकात मन लागत नाही, म्हणजे एडीएचडी नव्हे. उलट वर्गात गप्प बसून खिडकीबाहेर पाहणाऱ्या मुलीला तो असू शकतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ती कुणाला त्रास देत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कले यांनी एडीएचडीबद्दल एक मुद्दा वारंवार मांडला आहे. या व्यक्तीला काय करायचे ते कळत नाही असे नसते. कळलेले वेळेवर हातून होत नाही. म्हणून समजावणे, रागावणे, व्याख्यान देणे फुकट जाते. मदत हवी ती जिथे काम करायचे त्या जागी आणि त्या वेळी.

कोचची कल्पना इथून पुढे येते. एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९४ मध्ये ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ या पुस्तकातून ती सामान्य वाचकांपर्यंत नेली. दोघांना स्वतःला एडीएचडी आहे. इथे ‘कोचिंग’ या शब्दाने गोंधळ होऊ नये. आपल्याकडे कोचिंग म्हटले की माणूस आधी फी विचारतो आणि मग बॅचची वेळ. हा कोच शिकवत नाही. तो औषध देत नाही, जुन्या जखमाही उकलत नाही. तो थोड्या थोड्या दिवसांनी तेच साधे प्रश्न विचारतो. कोणते काम अडले आहे? त्यातले पहिले पाऊल कोणते? ते कुठे बसून, किती वाजता करणार? झाल्यावर कुणाला सांगणार? नाही झाले तर कशाने अडले? शेवटच्या प्रश्नात राग नसतो, चौकशी असते. सारी मदार त्यावर आहे.

बाकीची साधनेही साधीच. वेळ डोळ्यांना दिसेल अशी ठेवायची : समोर भिंतीवरचे घड्याळ, मोबाइल नव्हे. मोठ्या कामाचे तुकडे पाडायचे, इतके लहान की पहिला तुकडा टाळायला लाज वाटावी. आणि शेजारी कुणीतरी आपापले काम करत बसलेले असावे. याला ‘बॉडी डबलिंग’ म्हणतात. शेजारच्याने मदत करायची नसते, नुसते बसायचे असते. एवढ्याने काम पुढे सरकते, हे ज्याने अभ्यासिकेला महिन्याचे पैसे भरले आहेत त्याला सांगावे लागणार नाही. घरी टेबल-खुर्ची असूनही तो तिथे जातो, कारण तिथे दुसरे वाचत असतात.

मग हे ज्याला एडीएचडी नाही त्याच्या कामाचे का? कळणे आणि करणे यांच्यातला दुवा कुणाचाच कायम घट्ट नसतो. अपुरी झोप, घरातले आजारपण, कर्ज, अपयश यांनी तो सैल होतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी ‘जर-तर’ योजनांवर जे काम केले ते बरेचसे सर्वसाधारण लोकांवरच आहे. ‘मी अभ्यास करीन’ असे ठरवण्यापेक्षा ‘संध्याकाळचा चहा झाला की मी भूगोलाचे पुस्तक घेऊन खिडकीशी बसेन’ असे ठरवले तर काम होण्याची शक्यता वाढते. रुग्णालयाच्या दारातला उतार व्हीलचेअरसाठी बांधला, पण त्यावरून म्हातारी आजी जाते, बाळाला कडेवर घेतलेली आईही जाते. तसेच हे.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे दुसरे काही आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांची लक्ष आणि तर्क यांची चाचणी त्यांनी पीक हाती येण्याआधी आणि आल्यानंतर घेतली. शेतकरी तेच. हात तंगीत असताना कामगिरी खाली, पैसा आल्यावर वर. वऱ्हाडातल्या कापूस-सोयाबीनवाल्याला यात नवल वाटणार नाही. सोयाबीन विकले जाईपर्यंत त्या घरातले प्रत्येक डोके कुठे गुंतलेले असते, हे त्याला माहीत आहे. त्याच घरातून मुलगी अमरावतीला शिकायला येते आणि आपण तिला म्हणतो, लक्ष दे. ‘यांना अभ्यासाची सवयच नाही’ हे वाक्य आपल्या समाजाने दुसऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकले. आता आपणच आपल्या मुलांना ते ऐकवतो, हे आम्हाला बोचते.

आमचा एक अनुभव सांगतो, त्यात चूक आमची आहे. अकोला जिल्ह्यातल्या एका खेड्यातली मुलगी, घरातली पहिली पदवीला पोहोचलेली. तिचा महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा राहिला आणि मुदत संपली. वर्षाची फी वडिलांवर आली. आम्ही विचारले, “काहून नाही भरला?” ती म्हणाली, “उद्या भरू, उद्या भरू म्हणता म्हणता राहूनच गेलं.” आम्ही तिला अर्धा तास शिष्यवृत्तीचे महत्त्व सांगितले. ते तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होते. फी तिच्या बापाने भरली होती.

पुढच्या वर्षी आम्ही बोलणे कमी केले आणि कागदावर कामे लिहायला घेतली. ‘फॉर्म भरणे’ हे एक काम नव्हतेच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि पडताळणी, बँक खाते आधारशी जोडणे, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, महाविद्यालयात कागद दाखवणे, असे करत यादी नऊवर गेली. प्रत्येकापुढे वार आणि वेळ लिहिली. एकापुढे तिचा हात थांबला. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिने सांगितले : आधारवर तिचे नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. हे कुणी पाहिले तर आपले शिक्षणच बंद होईल, अशी भीती तिने दीड वर्ष मनात ठेवली होती. सगळा अर्ज त्या एका दगडाला अडला होता. मग ठरले ते एवढेच : मंगळवारी अकराला मैत्रिणीला घेऊन आधार केंद्र, बाहेर पडल्यावर ताईला मेसेज. तिला एडीएचडी असल्याचे मानायला काहीही कारण नव्हते. तिला प्रश्न विचारणारे कुणी नव्हते.

ही पद्धत परदेशातून आली म्हणून बिचकण्याचे कारण नाही. अंगुत्तर निकायाच्या सत्तक निपातात मोग्गल्लानाची गोष्ट आहे. मगधातल्या कल्लवाळमुत्त गावी ध्यानाला बसलेल्या मोग्गल्लानाला डुलक्या येत होत्या. तथागतांनी त्याला आळशी म्हटले नाही, वीर्याचे महत्त्वही ऐकवले नाही. त्यांनी उपाय दिले, एकामागून एक. ज्या विचाराने झोप येते तो सोड. नाही जमले तर ऐकलेला धम्म मनात आठव. नाही तर मोठ्याने म्हण. कानाच्या पाळ्या ओढ, हातपाय चोळ. उठून डोळ्यांना पाणी लाव, आकाशातल्या ताऱ्यांकडे पाहा. मनात उजेड आण. चंक्रमण कर. आणि इतके करूनही झोप आलीच, तर उजव्या कुशीवर नीज, पण कधी उठायचे ते मनाशी ठरवून. मोग्गल्लान हा अग्रश्रावकांपैकी एक. त्यालाही डुलकी येते, आणि उपाय फसला तर पुढचा उपाय मिळतो. थीनमिद्ध हे पाच नीवरणांपैकी एक आहे. नीवरण म्हणजे आड येणारी गोष्ट, माणसाचा स्वभाव नव्हे.

वर्षावासातही आपण हेच करतो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. संध्याकाळची ठरलेली वेळ, ठरलेला थोडासा भाग, शेजारी बसलेली माणसे. शाळेत फारशी न गेलेली उपासिका तीन महिन्यांत तो मोठा ग्रंथ ऐकून पूर्ण करते. तोच ग्रंथ आमच्यातल्या पदव्युत्तरांच्या कपाटात अर्ध्यावर खूण घालून पडलेला असतो.

म्हणून अठरा तासांच्या उपक्रमाबद्दल आमचे म्हणणे स्पष्ट आहे, कुणाला रुचो न रुचो. तो बंद करू नये. पण त्याच सभागृहात, त्याच आयोजकांनी, जयंतीनंतरच्या सोमवारपासून रोज संध्याकाळी चाळीस मिनिटांची बैठक ठेवावी. खासगी अभ्यासिकेचे पैसे सगळ्यांना परवडत नाहीत. दिवसभर दुकानात किंवा शेतात राबणारा मुलगा तिथे जाऊही शकत नाही. विहार संध्याकाळी उघडाच असतो. एक भिंतीवरचे घड्याळ, फोन ठेवायला दाराशी एक टोपली आणि एक वही. सुरुवातीला प्रत्येकाने आजचे एक काम वहीत लिहायचे, शेवटी झाले की नाही त्याची खूण करायची. नाही झाले त्याला एकच प्रश्न : कशाने अडले? हा प्रश्न विचारणारा वयाने मोठा नसला तरी चालेल, पण रागावणारा नको. दीक्षाभूमीला पायी जाणाऱ्या कार्यकर्त्यांत असे शांत लोक पुष्कळ असतात. माईकपासून दूर असल्याने ते आपल्याला दिसत नाहीत. आणि ही बैठक फक्त स्पर्धा परीक्षेवाल्यांची नको. बचत गटाचा हिशेब लिहिणारी ताई, घरकुलाचा अर्ज रखडलेला दादा, यांनीही येऊन बसावे.

दोन गोष्टींची सावधगिरी हवी. ‘कोच’ म्हणून काम करायला आपल्याकडे डॉक्टर-वकिलांसारखी नोंदणी लागत नाही. कुणीही पाटी लावू शकतो. निकालाची हमी देणाऱ्याला आणि आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्याला पैसे देऊ नयेत. दुसरे, कोचिंग हा उपचार नाही. लहानपणापासून, घरी आणि बाहेरही हीच ओढाताण चालू असेल, किंवा मन सतत उदास राहत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर विहारातल्या वहीने भागणार नाही. अशा वेळी अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचारतज्ज्ञांची चौकशी करावी. शासनाची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. कुणाला एकट्याने फोन लावणे जड जात असेल, तर शेजारी बसायला जरूर जावे. बोलायचे त्यानेच, आपण फक्त बसायचे.