कुत्र्यासाठी कूलिंग व्हेस्ट घेताय? आधी अंधेरीची हवा बघा

उन्हाळ्याच्या संध्याकाळी लोखंडवालाच्या बॅक रोडवर किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावर फेरी मारा. जीभ लांब काढून धापा टाकणारे लॅब्रेडॉर, हस्की, पग दिसतील. मालकांनी ऑनलाइन उपाय शोधला की समोर येतं ते कूलिंग व्हेस्ट. त्यातली बरीचशी एकाच पद्धतीची असतात: पाण्यात भिजवा, पिळा, कुत्र्याला घाला.

तत्त्व माठाचंच. वाफ होताना पाणी भोवतालची उष्णता ओढून घेतं. 100 ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण 240 किलोज्यूल उष्णता लागते, तेवढाच बर्फ वितळायला फक्त 33. म्हणजे कागदावर ओलं व्हेस्ट बर्फाला सातपट भारी. अट एकच, पाण्याची वाफ व्हायला हवी.

घोडं इथेच अडतं. नागपुरात 42 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर ओलं कापड सुमारे 24 अंशांपर्यंत गार होऊ शकतं. अंधेरीत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर ते 28 अंशांच्या आसपासच अडकतं. याला ‘वेट बल्ब’ तापमान म्हणतात. विदर्भात घरोघरी कूलर दिसतो आणि मुंबईत तोच कूलर घर नुसतं दमट करतो, त्याचं कारणही हेच.

त्यात कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धाप टाकून जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा उडवणं हाच त्याचा मुख्य कूलर. दमट दिवशी तो कूलर कमी चालतो आणि ओलं व्हेस्टही. म्हणजे गरज सर्वाधिक असते, नेमका तेव्हाच हा उपाय लंगडा पडतो. वारा नसेल तर अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखंच.

व्हेस्ट घरात आहेच, तर स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर त्याची परीक्षा घ्या. घट्ट पिळून वजन करा, कुत्र्याला घालून पहाटे अर्धा तास फिरवा, पुन्हा वजन करा. वजन जेमतेम घटलं तर समजा, पाणी उडालंच नाही. फिरताना मधूनमधून व्हेस्टच्या आत हात घाला. आतून कोमट लागलं की काढून टाका.

नवीन घ्यायचं असेल तर मुंबईसाठी बर्फाच्या किंवा जेलच्या पाकिटांचं, नाहीतर ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाचं व्हेस्ट जास्त भरवशाचं, कारण त्याला आर्द्रतेशी देणंघेणं नाही. पण वजन बघा. छोट्या शिह त्झूच्या पाठीवर अर्धा किलोचं ओझं नको. गोठलेलं पाकीट आणि कातडी यांच्यामध्ये कापडाचा थर हवा. रंग फिका, छातीला आधार आणि पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातील एवढी जागा. काखेत घासत असेल तर कितीही सुंदर दिसलं तरी परत करा. तोंडाला घट्ट मुसकं बांधलेलं असेल, तर धापच बंद होते आणि महागडं व्हेस्टही उपयोगाचं नाही.

खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे घड्याळ. ऊन चढायच्या आत बाहेर पडा. संध्याकाळी निघण्यापूर्वी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर पंजांनाही बसेल. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या, लठ्ठ किंवा म्हाताऱ्या कुत्र्यांना दमट दुपारी व्हेस्ट घालूनही नेऊ नका.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. 41च्या पुढे जिवावर बेततं. धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, पाय लटपटतात, उलटी होते, अशी लक्षणं दिसली तर व्हेस्ट काढा, सावलीत न्या, अंगावर नळाचं पाणी ओतत राहा आणि वारा घाला. मग डॉक्टरांकडे. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राणी रुग्णालय असो की गल्लीतलं क्लिनिक, अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये गाडी काढण्याआधी त्याला गार करायला सुरुवात झालेली हवी. गाडीत एसी लावा. ओला टॉवेल मात्र गुंडाळून ठेवू नका. थोड्याच वेळात तो उष्णता आत कोंडतो.